तांब्याचं बूड सपाट दिसत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय 38, नाशिकला बँकेत नोकरी. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत सी ग्रेड मिळाली, त्यानंतर चित्रासाठी पेन्सिल हातात घेतली नाही. परवा दुसरीतल्या मुलाने हत्ती काढून मागितला आणि तो तुम्हाला जमला नाही. व्हिडिओ लावून, थांबवत थांबवत काढलं की बरं येतं. पण समोर साधा तांब्या ठेवून काढायला बसलं की तो कलंडतो, फुगतो, भलताच काहीतरी होतो. 'माझा हात थरथरतो, हातात कलाच नाही. या वयात काही होईल का? होणार असेल तर सामान काय घेऊ, क्लास लावू का?' असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय : 'दिवाळीत 21 ठिपक्यांची रांगोळी मात्र मी न चुकता काढते.'

मी त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. उकिडवं बसून, हात टेकायला जागा नसताना, चिमटीतून रांगोळी सोडत जी बाई 21 ठिपके सरळ रांगेत मांडते आणि एका दमात गोलाई ओढते, तिचा हात चित्रासाठी तयारच आहे. पेन्सिल रांगोळीपेक्षा कितीतरी सोपी. हवी तिथे थांबते, वाऱ्याने उडत नाही. शिवाय 'ळ' चं वळण आणि 'ठ' चा गोल तुम्ही रोज काढता. मी कोल्हापुरात 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि गेली 14 वर्षं रविवारी सकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घेतो. डॉक्टर येतात, गृहिणी येतात, निवृत्त एसटी कंडक्टर येतात, एक सोनार येतात. हातामुळे अडलेलं माणूस मला फार क्वचित भेटलं. बहुतेक सगळे अडतात ते नजरेपाशी.

म्हणजे काय, ते तुमच्या तांब्यावरच दाखवतो. वर्गात पहिल्या दिवशी मी स्टुलावर पितळेचा तांब्या ठेवतो आणि काहीही न सांगता तो काढायला सांगतो. जवळजवळ सगळ्यांच्या कागदावर एकच तांब्या उतरतो. वर तोंडाचा मोठा गोल, नाहीतर दोन्ही बाजूंना टोकं आलेलं आंब्याच्या पानासारखं तोंड, मध्ये पोट, आणि खाली पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ. मी विचारतो, खाली सरळ रेघ कशी काय आली? उत्तर ठरलेलं : 'सर, तो स्टुलावर सपाट टेकलाय ना!' टेकलाय खरा. पण दिसतोय का तसा?

आता हे वाचता वाचता स्वयंपाकघरातून एक वाटी आणा. ती डोळ्यांसमोर, अगदी डोळ्यांच्या उंचीवर धरा. कड एका सरळ रेघेसारखी दिसेल, वाटीच्या आतलं काही दिसणार नाही. आता वाटी न कलवता सावकाश खाली न्या. कडेची रेघ उघडू लागेल, आधी बारीक लंबगोल, मग आणखी फुगलेला, आणि वाटी मांडीवर आली की जवळजवळ पूर्ण गोल. वाटी तीच, बदलली ती तुमच्या डोळ्यापासूनची तिची पातळी. या डोळ्याच्या उंचीला आम्ही नेत्रपातळी म्हणतो. त्या पातळीच्या जितकं खाली जावं तितका गोल जास्त उघडतो.

हे तांब्याला लावा. तांब्याचं तोंड नेत्रपातळीच्या जवळ, म्हणून त्याचा लंबगोल चिंचोळा. बूड त्याच्या वीतभर खाली, म्हणून बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडा. मागची बाजू पोटाआड लपते आणि आपल्याला दिसते ती फक्त पुढची कड. ती सरळ असूच शकत नाही; ती तोंडाच्या पुढच्या कडेपेक्षाही जास्त वाकलेली असते. सगळ्यांनी जिथे सरळ रेघ मारलेली असते, तिथेच अख्ख्या तांब्यातलं सर्वांत मोकळं वळण हवं असतं. आणखी एक : लंबगोलाला टोकं नसतात. कितीही चिंचोळा झाला तरी दोन्ही बाजूंना तो वळतोच, आखडत्या जागेत का होईना. ही दोन वळणं सुधारली की तोच कागद, तीच पेन्सिल, तोच 'थरथरता' हात, पण तांब्या स्टुलावर बसतो. बूड गोल झाल्यावर वर्गात एक शांतता पसरते, ती मला 14 वर्षांत कंटाळवाणी वाटलेली नाही.

घडतं असं की आपण समोरचा तांब्या काढतच नाही. मनातला तांब्या काढतो. तोंड गोल असतं, तळ सपाट असतो, कान असेल तर तो बाजूला असतो, ही सगळी तांब्याबद्दलची माहिती आहे. ती खरी आहे आणि रोजच्या जगण्यात लागते, पण ती दिसण्याच्या मध्ये येते. भोंडल्याचा हत्ती आठवा. पाटावर मधोमध काढतात तो : पाठीची कमान, चार पाय, सोंड, एक डोळा. तो हत्तीची खूण आहे आणि खूण म्हणून सुंदर आहे. त्याच्याभोवती फेर धरणाऱ्या मुलींना तो हत्तीच वाटतो. वारली चित्रातला माणूसही दोन त्रिकोणांचा असतो. जिव्या सोमा मशे यांनी त्याच त्रिकोणांतून सबंध पाडा नाचता केला आणि जगभर नेला. खुणांनी चित्र काढणं ही कमी दर्जाची गोष्ट आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तुमची अडचण वेगळी आहे. तुम्हाला समोरची वस्तू काढायची आहे आणि हात मनातली खूण काढतोय. दोन्हींची गल्लत होते म्हणून चित्र बिघडतं.

व्हिडिओ पाहून का जमतं, तेही यावरून उलगडतं. व्हिडिओ करणाऱ्याने पाहण्याचं काम आधीच उरकलेलं असतं. कुठली रेघ घ्यायची, कुठली सोडायची, कुठे वळायचं, हे त्याने ठरवलं. तुम्ही फक्त रेघेमागे रेघ ओढता. दुसऱ्याने चावून दिलेला घास आहे तो. पोट भरतं, पण दात कामाला लागत नाहीत. व्हिडिओ बंद करा असं मी म्हणणार नाही, उजेड-सावलीच्या छटा कशा देतात, पेन्सिलला टोक कसं काढतात, हे तिथे चांगलं दिसतं. पण पहिले दोन महिने तरी तुमच्या कागदावर जे येईल ते खोलीत समोर असलेल्या वस्तूवरून आलेलं असू द्या. फोटोवरूनही नको. फोटोने तीन मितींच्या दोन केलेल्या असतात, म्हणजे तिथेही मुख्य काम उरकलेलंच.

नजर सुधारायला मी जे करवून घेतो त्यातलं सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते 'फटी काढणं'. घरात प्लास्टिकची किंवा लाकडी खुर्ची असेल. ती थोडी तिरकी ठेवा. खुर्ची काढायची नाही. दोन पायांच्या मधून भिंत दिसते ना, तो भिंतीचा तुकडा काढा. मग हाताच्या आणि बैठकीच्या मधली फट. मग पाठीच्या दोन पट्ट्यांमधली. या फटींना नाव नाही. 'पाय' म्हटलं की मनातला पाय धावून येतो. पण पायांमधल्या वेड्यावाकड्या चौकोनाला मनात कुठली खूणच नाही, म्हणून डोळ्याला तो निमूट पाहावा लागतो. सगळ्या फटी नीट उतरल्या की मध्ये खुर्ची आपोआप उभी राहिलेली असते. पहिल्यांदा हे करताना माणसं स्वतःच्याच कागदाकडे अविश्वासाने बघतात. कपाच्या कानातली फट, कात्रीच्या दोन पात्यांमधली, जास्वंदीच्या फांदीवर दोन पानांच्या मधली, आठवडाभर नुसत्या फटी काढा.

दुसरा सराव कागदाकडे न पाहण्याचा. एखादं आलं घ्या, गाठीगाठींचं. पेन्सिल कागदावर टेकवा आणि नजर आल्यावरच ठेवा. नजर आल्याच्या कडेवरून मुंगी चालावी तशी चालवा आणि त्याच चालीने पेन्सिल चालू द्या. कागदाकडे पाहायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही, तीन मिनिटं. जे उमटेल ते आल्यासारखं दिसणार नाही, आणि ते दिसावं म्हणून हा सराव नाहीच. पण त्या रेघेत एकेक खाच, एकेक डोळा उमटलेला असेल, कारण तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा तीन मिनिटं सलग एका आल्याकडे पाहिलेलं असेल. उलटं धरून काढण्याचाही असाच उपयोग होतो. एखादं रेखाचित्र उलटं ठेवलं की नाक-डोळे ओळखू येत नाहीत आणि नुसत्या रेघाच दिसतात.

आता मोजणं. हे शाळेत शिकवलेलं असेल, पण बहुतेकांना त्यातली एकच गोष्ट आठवते, एक डोळा मिटून पेन्सिल पुढे धरायची. खरं महत्त्वाचं आहे कोपर. कोपर पूर्ण ताठ हवं. ते किंचित वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलतं. दर वेळी वेगळं वाकलं तर दर वेळी वेगळं माप. पेन्सिलचं टोक तांब्याच्या तोंडाच्या वरच्या कडेला लावा, अंगठा बुडाशी सरकवा. ही झाली उंची. तोच अंगठा तसाच धरून पेन्सिल आडवी करा : पोटाची रुंदी या उंचीत किती बसते? पाऊण? सव्वा? एवढंच हवंय. कागदावर तांब्या केवढा काढायचा ते तुमच्या हातात आहे, पण उंची-रुंदीचं नातं तांब्याच्या हातात आहे. एकदा बसलात की खुर्ची हलवू नका, पाठ एकदा टेकून एकदा वाकून बसू नका. डोळा हलला की सगळी मापं पुन्हा.

आणि ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते ज्याने बघतो तोच. दोऱ्याला खिळा बांधून धरला तरी चालतो, नाहीतर पेन्सिलच उभी धरा. तोंडाची डावी कड जिथे संपते त्याच्या बरोबर खाली काय येतं? बुडाची कड त्याच्या आत पडते की बाहेर? तुमचा तांब्या 'कलंडतो' म्हणालात ना, त्याचं औषध हे आहे. मधोमध एक फिकट उभी रेघ आधी घाला आणि दोन्ही बाजूंची पोटं तिच्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते तपासा. तांब्याचा आकार बिघडण्याचं आणखी एक साधं कारण असतं : कागद टेबलावर सपाट ठेवलेला असतो. मग कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो, दबलेला दिसतो, आणि तो दबलेपणा भरून काढायला हात नकळत चित्र वर ताणतो. उचलून धरल्यावर तांब्या उंच आणि बारीक झालेला दिसतो. मांडीवर पाट किंवा जाड पुठ्ठा घ्या, त्याची वरची बाजू टेबलाच्या कडेला टेकवा आणि कागद उभट ठेवून काढा. फुकटात मिळणारी एवढी मोठी सुधारणा दुसरी नाही.

इथे माझी एक जुनी गोष्ट सांगतो. मी पाचवीत असताना आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी माझं वस्तुचित्र पाहिलं, खोडरबर घेऊन कडा पुसल्या आणि स्वतःच्या हाताने दोन मिनिटांत ठीकठाक करून दिलं. चित्र भिंतीवर लागलं, खाली माझं नाव. घरच्यांनी कौतुक केलं. मी त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं चित्र काढलं नाही, कारण ते चित्र माझं नव्हतं हे फक्त मला ठाऊक होतं आणि तसं पुन्हा काढता येणार नाही हेही. गुरुजींचा हेतू चांगला होता. पण तेव्हापासून मी मनाशी ठरवलं आणि आजवर पाळलं : विद्यार्थ्याच्या कागदावर माझी रेघ उमटणार नाही. काही दाखवायचं असेल तर शेजारच्या कागदावर दाखवतो. क्लास लावायचा की नाही याचं माझं उत्तर यातूनच येतं. एक दिवस नुसतं बसून पाहू द्या म्हणावं. शिकवणारे मुलांच्या कागदावर हात चालवतात का, ते पाहा. खोलीत खऱ्या वस्तू मांडलेल्या आहेत की भिंतीवरची तयार चित्रं उतरवून घेतायत, ते पाहा. सगळ्यांची चित्रं एकसारखी सुबक दिसत असतील तर तो क्लास तुमच्यासाठी नाही. दहावीच्या वाढीव गुणांसाठी एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेणारे वर्ग गावोगाव आहेत आणि त्यांची वस्तुचित्राची शिस्त चांगली असते. पण तिथे वेळ परीक्षेच्या घड्याळाने चालतो. तुमच्यामागे परीक्षा नाही, त्याचा फायदा घ्या. आणि ती सी ग्रेड विसरून जा. तेरा-चौदाव्या वर्षी ठरावीक वेळात काढलेल्या चार कागदांवरून कुणाची नजर ठरत नाही.

सामानाबद्दल फार बोलत नाही, कारण दुकानातच थांबलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत. एक एचबी, एक 2बी, एक 4बी. अप्सरा किंवा कॅमलिन, जी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळेल ती. पेन्सिलच्या शिशात ग्रॅफाइट आणि माती असते. फ्रान्समध्ये कॉन्ते यांनी 1795 मध्ये ही मिसळण्याची रीत काढली. माती जास्त तर एच, कडक आणि फिकट. ग्रॅफाइट जास्त तर बी, मऊ आणि काळी. सुरुवातीला एचपासून लांब राहा, ती कागदावर चर पाडते आणि पुसली तरी चर राहतो. टोक ब्लेडने किंवा कटरने काढा, शिसं बोटाच्या पेराएवढं उघडं ठेवा, म्हणजे आडवं धरून रुंद छटाही देता येते. कागद : बँकेत पाठकोऱ्या कागदांची काय कमी! पण त्यावर कुणा खातेदाराची माहिती नाही एवढं बघून घ्या, नाहीतर कोरा ए फोरचा गठ्ठा आणा. महागडी स्केचबुक पहिल्या पानालाच माणसाला घाबरवते. महागाचा कागद आहे म्हणून जो जपून रेघ काढतो, त्याची रेघ लुळी पडते.

रेघेवरून आठवलं, हात थरथरण्याचं. लिहिताना आपण मनगट टेकवून बोटांनी पेन्सिल हलवतो. अक्षर लहान असतं म्हणून ते चालतं. हातभर लांबीची रेघ बोटांनी ओढू गेलं की दर इंचाला थांबावं लागतं आणि तुकड्यातुकड्यांची केसाळ रेघ तयार होते. रांगोळीत तुम्ही असं करत नाही, तिथे हात खांद्यापासून फिरतो. तेच इथे करा. पेन्सिल टोकापासून जरा लांब धरा, मनगट उचला, कागदाला न लावता हवेत दोन-तीनदा तीच रेघ फिरवून पाहा आणि मग एकदा ओढा. चुकली तर खोडू नका. चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी घाला. पहिली कुठे चुकली ते समोर दिसत असतं, म्हणून दुसरी सुधारते. खोडली की चूकही गेली आणि तिचा उपयोगही गेला, हात पुन्हा तिथेच जातो. खोडरबर शेवटी, चित्र साफ करायला.

महिनाभर कडा आणि फटी झाल्यावर उजेडाकडे वळा. एक पांढरं अंडं, पांढऱ्या कागदावर. रात्री करा, खोलीतली ट्यूब बंद, फक्त एक टेबललॅम्प डावीकडून. ट्यूब चालू राहिली तर दोन-दोन सावल्या पडतात आणि नवशिक्याची दमछाक होते. डोळे अर्धे मिटून, किलकिले करून पाहा. बारकावे विरघळतात आणि उजेड-अंधाराचे मोठे भाग तेवढे राहतात. दिव्याकडची बाजू कागदासारखीच पांढरी. मग हळूहळू करडं होत जातं. मग एक गडद पट्टा. आणि आता नीट बघा : गडद पट्ट्याच्या पलीकडे, अंड्याच्या अगदी कडेला, ते पुन्हा किंचित उजळलेलं दिसेल. खालच्या कागदावरून उसळलेला उजेड आहे तो. बहुतेक जण कडेपर्यंत काळं करत नेतात आणि अंडं चपटं होतं. तो परतीचा उजेड राखला की अंड्याला मागची बाजू येते. फक्त तो दिव्याकडच्या भागाइतका उजळ करू नका, तो सावलीच्या घरातलाच उजेड आहे. सगळ्यात काळं कुठे? अंडं जिथे कागदाला टेकतं, तिथली बारीकशी फट. बोटाने घासून छटा एकजीव करायचा मोह होईल, तो सध्या टाळा. घासलं की सगळं धुरकट होतं आणि कुठे किती काळं दिलं याचा हिशेब डोळ्याला राहत नाही.

वेळेचं म्हणाल तर रोज 20 मिनिटं. रविवारी तीन तास आणि मधले सहा दिवस कोरडे, याने काही होत नाही. तुमच्यासारख्या नोकरीच्या बाईला रोजची 20 मिनिटं काढणंही सोपं नाही हे मला माहीत आहे, पण कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावरचा कप काढून होतो. प्रत्येक कागदावर तारीख घाला आणि एकही फाडू नका. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की आपण बिघडत चाललोय. चित्रं आधीपेक्षा वाईट दिसू लागतील. माझ्या वर्गातले जे सोडून गेले त्यातले बरेच याच सुमाराला गेले, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्यांची नजर तेव्हाच उघडलेली होती. नजर हाताच्या पुढे जाते आणि आधी न दिसलेल्या चुका दिसायला लागतात, एवढंच झालेलं असतं. अशा वेळी तारखेने पहिला तांब्या काढून शेजारी ठेवायचा. पूर्वी मी स्वतः पहिले दोन महिने नुसत्या रेघा आणि वर्तुळं घोटून घ्यायचो. माणसं त्यापायीही गळायची. आता पहिल्याच दिवशी तांब्या देतो.

घरातल्या वस्तूंचा आत्मविश्वास आला की बाहेर पडा. तुम्ही नाशिकला आहात, याचा मला हेवा वाटतो. सकाळी लवकर गोदाघाटावर जा, पायऱ्यांवर बसा. तुमच्या नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची जलरंगातली चित्रं पाहायला मिळाली तर जरूर पाहा, पण रंगाची घाई करू नका. आधी नारोशंकराच्या देवळाची बाह्यरेषा, मग भाजी मांडून बसलेल्या बायका, मग नुसत्या छत्र्या. आमच्या कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून शिकून परत आले आणि रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ अशा जवळच्याच जागांपाशी रमले. तीच जागा पुन्हा पुन्हा काढल्याने ती संपत नाही. माणसं काढायला एसटी स्टँडसारखी जागा नाही. गाडीची वाट बघत झोपलेला माणूस दहा मिनिटं हलत नाही. चेहऱ्यात शिरू नका, पाठीचा बाक, डोकं कुठे कललंय, वजन कुठल्या कुल्ल्यावर आहे, एवढंच घ्या. आणि कावळे. आर. के. लक्ष्मण यांनी आयुष्यभर कावळे काढले ते उगाच नाही. काळा एकच आकार, पण मान वळली की पक्षी बदलतो.

चेहऱ्यांची तुम्हाला घाई असणार, सगळ्यांनाच असते, म्हणून एकच सांगतो. आरशासमोर उभ्या राहा आणि टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर पेन्सिलने मोजा. डोळे बरोबर मध्यावर येतात. नवशिका ते हमखास वर, कपाळात नेऊन बसवतो, कारण चेहऱ्यातलं आपल्याला महत्त्वाचं असतं ते सगळं डोळ्यांपासून खाली आहे आणि कपाळ-केसांना मनात जागाच नसते. पुन्हा तेच, तांब्याचं बूड.

आता हत्ती. मुलाने मागितला म्हणून तर हे सगळं सुरू झालं. घरात लाकडाचा, मातीचा, रबराचा कसलाही खेळण्यातला हत्ती असेल तर तो काढा, नसेल तर आणा. टेबलावर मुलाला तुमच्या शेजारी बसवा, दोघांना तीन-तीन पाठकोरे कागद. आधी हत्ती बाजूने ठेवा : पोटाखालची फट काढा, चार पायांमधून दिसणारं टेबल. सोंड आणि पुढच्या पायाच्या मधली फट काढा. मग हत्ती तुमच्याकडे तोंड करून फिरवा. आता सोंड पुढे आलेली आहे, पाय दोनच नीट दिसतात, मागचे दोन त्यांच्या आत डोकावतात, आणि भोंडल्याच्या हत्तीचा इथे काही उपयोग नाही. हे चित्र अवघड जाईल. मग तिरका फिरवा, तो सगळ्यात गमतीचा. मुलाला सूचना देऊ नका, त्याच्या कागदावर रेघ मारू नका, त्याने हत्तीला सहा पाय काढले तर सहा. तिन्ही कागदांवर तारीख घाला, त्याच्याही आणि तुमच्याही. आणि तिसऱ्या कागदावर हत्तीचे पाय टेबलाला जिथे टेकतात तिथे एकदा नीट बघा, पावलाची कड सरळ आहे की वळलेली.